हशासाठी थांबणारा माणूस

बोलता बोलता माणूस थांबतो तो दम लागला म्हणून, नाहीतर शब्द सापडेना म्हणून. आमचा भाडेकरू थांबायचा तो समोरच्याने हसावं म्हणून. "काकी, पाणी आलं का?" एवढंच विचारायचा आणि भुवया वर करून दारात उभा राहायचा. त्यात हसण्यासारखं काय होतं ते देव जाणे. आई "आलं" म्हणायची आणि हंडा उचलायची. तो जरा वेळ तसाच थांबून, मान हलवून आपल्या खोलीत जायचा. वाण्याकडेही तेच. "अर्धा किलो साखर," म्हणून थांबला की वाण्याला वाटायचं, याला अजून काही हवंय. तो विचारायचा, "आणखी?" हा म्हणायचा, "नाही. एवढंच होतं." आणि पुन्हा थांबायचा. मागे उभ्या बायका वैतागायच्या. मी तर जास्तच. सकाळी कामावर जायच्या घाईत हा वाटेत भेटला की माझं डोकं फिरायचं, कारण त्याच्या साध्या "निघालात का ताई?"लाही थोडंसं हसूनच पुढे जावं लागायचं. नाही हसलं तर दिवसभर त्याचा चेहरा डोळ्यांपुढून हलायचा नाही.

नव्वदीची वर्षं. आमचं घर तळवलीला, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आतल्या अंगाला. भातशेती सरकारने घेतली तेव्हा बाबांनी घरामागच्या वाडीत पत्र्याच्या खोल्यांची एक रांग काढली आणि कालपर्यंत चिखलात उभे राहणारे आम्ही घरमालक झालो. खोल्यांमधून बहुतेक सगळे रबाळ्याच्या कारखान्यांतले कामगार. त्यांच्यात हा एकच असा, की जो सकाळी डबा घेऊन कुठे जायचा नाही. काम काय करतो असं बाबांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "नकला करतो." आणि थांबला. बाबा हसले नाहीत, पण खोली दिली. पुढे गावात सगळे त्याला नकल्याच म्हणायला लागले. त्याचं खरं नाव घरातल्या कुणालाच आठवायचं नाही, आणि त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही.

तो ऑर्केस्ट्रात होता. गणपतीत, सत्यनारायणाच्या पूजांना, बारशांना नवी मुंबईभर ऑर्केस्ट्रा व्हायचे. गाणारी बाई साडी बदलायला आत गेली की मधला वेळ भरून काढायला एक नकलाकार लागायचा. तो हा. लोक गाण्यांना आलेले असायचे आणि याला सहन करायचे, अशी एकूण परिस्थिती. तरी तो त्यांना हसवायचा. मी दोन-चार वेळा पाहिलंय. मंडपात उभा राहिला की हा आमच्या दारातला चिकट माणूस राहायचाच नाही. एक वाक्य टाकायचा, थांबायचा, हसण्याची लाट यायची, ती ओसरायला लागली की नेमका त्या क्षणी दुसरं वाक्य. त्याचं सगळं कसब त्या थांबण्यात होतं.

गळ्याला बारा महिने मफलर. मे महिन्यात, पत्र्याखाली, आम्ही ओल्या पंच्याने वारा घेत बसलेलो असायचो आणि हा मफलर गुंडाळून कोमट पाणी पीत असायचा. सकाळचा चहा होईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचा नाही, सगळं खुणांनी. स्वतः मात्र कधी हसायचा नाही. कुणी त्याला विनोद सांगितला की गंभीरपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "चांगला आहे. शेवटचा शब्द आधी आला." जेवणाऱ्या माणसांपुढे तो कधीही नकला करायचा नाही. एकदा आमच्या चुलत्याकडे हळद होती. पंगत बसलेली, आणि चुलत्याने आग्रह धरला. हा हात जोडून म्हणाला, "जेवणाऱ्याचं तोंड कामात असतं. त्याला दोन कामं सांगू नयेत." चुलता रागावला, पण हा बधला नाही. पंगती उठल्यावर, विडे लागल्यावर मग उभा राहिला आणि हळदीला आलेल्या बायकांना पार आडवं केलं.

आवाजांचा सराव तो चाळीच्या मागच्या न्हाणीघरात करायचा, कारण तिथे आवाज घुमायचा. नळावर पाणी भरणाऱ्या बायकांना आतून कधी खलनायक ऐकू यायचा, कधी बोकड, कधी भाषण करणारा पुढारी. एके सकाळी आतून बाबांचा आवाज आला, "मोटर बंद कर गो!" आईने धावत जाऊन मोटर बंद केली. टाकी अर्धीच भरली होती, ती लगेच संपली. नळावर आंघोळ करणारी चाळीतली माणसं साबण लावून ओरडायला लागली तेव्हा बाहेर गेलेले बाबा परत आले आणि त्यांनी आईलाच फैलावर घेतलं.

"मोटर कोनी बंद करायला सांगतलेली?"

"तुमीच," आई म्हणाली.

बाबा काही बोलणार तोच न्हाणीघरातून त्यांचाच आवाज आला, "मोटर कोनी बंद करायला सांगतलेली?" बाबा जागच्या जागी गार. "कोन हाय रं आत?" त्यांनी विचारलं. आतून तोच प्रश्न त्यांनाच. मग दार उघडून हा मफलरसकट बाहेर आला, आणि साबण लावलेली सगळी चाळ हसून हसून वाकली. शेवटी बाबाही हसले. "माझा आवाज सोरून दुसरा कनचा बी कार," एवढीच ताकीद देऊन त्यांनी विषय मिटवला. त्याने अर्थातच ती पाळली नाही. त्या मोटरवाल्या घरमालकाची नक्कल त्याने ऑर्केस्ट्रात बसवली आणि ती त्याची सर्वांत गाजलेली नक्कल ठरली.

त्या सकाळी फक्त एक माणूस हसलं नव्हतं. माझी आई. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि मग आत निघून गेली.

हे नकल्याच्या मनाला फार लागायचं. आई त्याच्या एकाही नकलेला हसत नसे. हा ओट्यासमोर काही करायला लागला की ती पाठ फिरवायची. बाकीची चाळ लोळायची आणि ही दारातून आत. त्याने आईसाठी म्हणून खास काय काय केलं! मासळीवालीशी घासाघीस करणारी बाई केली, रुसलेली नणंद केली, लग्नातला भटजी केला. आईची पाठ ती पाठच. "ताई," तो एकदा मला कळवळून म्हणाला, "काकींचा माझ्यावर काही राग आहे का? सरळ सांगा. मी खोली सोडतो." मी त्याला म्हटलं, दादा, तसं काही नाही, तुम्ही टेन्शन घेऊ नका. पण मी घाईत होते आणि त्याला ते पटलं नाही.

अशात त्याला मालिका मिळाली. तेव्हा नवीन नवीन वाहिन्या निघत होत्या आणि त्यांना आठवड्याच्या विनोदी मालिका हव्या होत्या. गणपतीच्या मंडपात कुणा दिग्दर्शकाने त्याची ती मोटरवाल्याची नक्कल पाहिली. एका सोसायटीतल्या बिऱ्हाडांची मालिका होती, आणि त्यात सोसायटीला पाणी सोडणारा पंपवाला म्हणून याला घेतलं. दर भागात याने एकदा यायचं आणि पाणी का आलं नाही याचं एक नवं कारण सांगून जायचं. थोडे भाग बघू, जमलं तर कायम करू, असं ठरलं. सेट रबाळ्यालाच, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या शेडमध्ये लावला होता. माझं ऑफिस तिथून जवळच. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत मी जाऊन डोकावायचे.

जमत नव्हतं. मला पहिल्याच दिवशी दिसलं.

संवाद साधा होता. सोसायटीचा सेक्रेटरी पाणी कधी येणार म्हणून विचारतो, आणि हा म्हणतो, "निघालंय साहेब. वाटेत आहे. ट्रॅफिक आहे." हे वाचून कुणालाही हसू येईल. पण शूटिंग चालू असताना सेटवर कुणी श्वासही मोठ्याने घ्यायचा नाही, अशी शिस्त. याने "निघालंय साहेब" म्हटलं आणि थांबला. शेडमध्ये चिडीचूप. तो थांबलाच. सेक्रेटरीचं काम करणाऱ्या नटाला वाटलं, हा वाक्य विसरला, म्हणून त्याने आपलं वाक्य दामटलं. कट.

"दादा, मध्येच का थांबताय?" दिग्दर्शकाने विचारलं. तरुण होता, दादरकडचा, पण बोलायला बरा.

"लोक हसतील ना."

"लोक आहेत कुठे इथे?"

"म्हणून तर थांबलो. हसलं का नाही कुणी, ते बघत होतो."

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. थांबू नका म्हटल्यावर याने तिन्ही वाक्यं एका दमात म्हटली, रेशनच्या रांगेत नाव सांगावं तशी. त्यात काही राम नव्हता. मग पुन्हा थांबला, तर इतका की बाहेरच्या रस्त्यावरून तळोज्याकडे जाणाऱ्या टँकरचा हॉर्न मधल्या जागेत घुसला.

"हसणं आम्ही नंतर लावतो," दिग्दर्शकाने समजावलं. "टेपवर आहे. तुम्ही त्याची काळजी करू नका."

"जेवण आत्ता आणि भूक नंतर?" हा म्हणाला. त्याने हट्टाने ती टेप लावायला लावली. आवाज घेणाऱ्या माणसाने लावली. कुठल्या तरी सभागृहातली माणसं हसत होती, मध्ये एक जण खोकत होता, एक बाई बराच वेळ एकटीच हसत राहिली होती. हा मान खाली घालून ऐकत होता. टेप संपल्यावर त्याने विचारलं, "हे कशाला हसले होते?"

"कुणास ठाऊक," आवाजवाला म्हणाला. "जुनी आहे टेप."

संध्याकाळी तो आमच्या ओट्याशी येऊन बसला. चहा दिला तर घेईना. "ताई, ती माणसं कशाला हसली होती तेच कुणाला माहीत नाही," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्या दिवशी प्रथमच मला त्याची मनापासून दया आली.

त्याच रविवारी त्याचे वडील आले. त्यांना तो आबा म्हणायचा. साताऱ्याकडून तरुणपणी आलेला माणूस, सगळा जन्म कांद्याबटाट्याच्या मार्केटात गोण्या वाहिलेल्या. कोपरखैरण्याला माथाडींच्या वसाहतीत घर होतं. आबा पहाटे कामाला जाणार, संध्याकाळी लवकर झोपणार, आणि पोराचे आवाज नेमके तेव्हा सुरू होणार, म्हणून हा आमच्याकडे खोली घेऊन राहिलेला. आबांची मान एका बाजूला वाकलेलीच होती. आमच्या आजाशेजारी ओट्यावर बसले ते भिंतीला हात धरून बसले.

माथाडींची टोळी असते, आणि टोळीत म्हाताऱ्याची जागा त्याच्या पोराला मिळते. पोरगा आला नाही तर पुतण्या, भाचा, जो कुणी असेल तो. पण नाव द्यावं लागतं. आबा सरळ मुद्द्यावर आले.

"मुकादम इचारतोय. या म्हैन्यात काय त्ये सांग. टीव्हीचं पक्कं झालं असंल तर ऱ्हाऊ दे. न्हाय तर माझ्या जागंवर यायचं."

"आबा, शनिवारी कळेल," हा मफलरच्या टोकाशी खेळत म्हणाला. दिग्दर्शकाने त्याला शेवटचा शनिवार दिला होता. त्या दिवशी जमलं तर कायम, नाहीतर पंपवाल्याचं काम दुसऱ्याला.

"मग शनवारी मार्केटात यिऊन सांग. मी हाय दुपारपातूर."

चहा पिऊन आबा गेले. मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला. पोराच्या अंगात एवढी कला, आणि याला त्याच्या पाठीवर गोणी ठेवायची घाई! मी तसं म्हटलंही. "नाही हो ताई," तो म्हणाला, "त्यांना वाटतं मी वाया गेलो. बरोबरच आहे त्यांचं. शनिवारी मला जमणार नाहीये." हे बोलून तो थांबलाही नाही. तेव्हा मला खरी धास्ती वाटली.

बुधवारी की गुरुवारी दुपारची गोष्ट. आजा ओट्यावर बसला होता आणि चाळीतला एक कामगार त्याला त्या मोटरच्या सकाळची हकिगत पुन्हा सांगत होता. आजाला एका कानाने ऐकू येत नव्हतं, त्यामुळे तो कामगार ओरडून ओरडून, बाबांचा आणि नकल्याचा दोघांचाही आवाज काढत सांगत होता. मी सुट्टी घेऊन घरी होते. तेवढ्यात मागच्या दाराने नकल्या धावत आला, मला हाताने खुणावत. त्याचे डोळे मोठे झाले होते.

"ताई, या. लवकर या. काकी बघा."

आई स्वयंपाकघरात मागच्या दाराला टेकून उभी होती. पदराचा बोळा तोंडात. खांदे गदागदा हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, एका हाताने चौकट धरली होती, नाहीतर खाली बसली असती. आणि आवाज म्हणून नाही.

"काकींना काय होतंय?" त्याने मला घाबरून विचारलं.

"हसतेय," मी म्हटलं. "अशीच हसते ती."

आमच्या घरातली रीत ती. आई लग्न होऊन आली तेव्हा आजाचा कडक दंडक होता, ओट्यावर सासरा बसलेला असताना सुनेचा आवाज बाहेर येता कामा नये. बोलायचंही हळू, मग हसणं तर दूरच. पण हसू काही दंडकाला विचारून येत नाही. तेव्हा आईने पाठ फिरवून, पदर तोंडात कोंबून हसायला शिकून घेतलं. पुढे आजा म्हातारा झाला, त्याला ऐकू येईना, पण सवय गेली नाही. घरातल्या आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त समोरून तिची पाठ बघणाऱ्याला. हा बिचारा इतके दिवस त्या पाठीकडे बघून झुरत होता, आणि पलीकडच्या बाजूला आई त्याच्या प्रत्येक नकलेला पोट धरून हसत होती.

त्याने भिंतीला पाठ टेकली आणि मोठा श्वास सोडला. "म्हणजे मासळीवालीला पण?" त्याने आईला विचारलं.

आईने पदर तोंडातून काढला, डोळे पुसले. "मासलीवालीला तं मी मरतंच व्हते, बाला," ती म्हणाली.

 मग त्याच्या डोक्यात काहीतरी पेटलं. "काकी, शनिवारी माझ्याबरोबर शूटिंगला याल का?"

"मना कनाला नेतंस तिकरं?"

"हसायला. असंच. आवाज न करता."

आईने हात झटकले. पण हा ऐकतोय कुठला! तो तडक ओट्यावर गेला आणि आजाच्या चांगल्या कानापाशी बसला. आम्ही दारामागून ऐकत होतो.

"आजोबा, शनिवारी काकींना जरा सेटवर नेऊ का?"

"कामाला नेतंस तिला?"

"नाही. हसायला."

आजाने त्याच्याकडे नीट बघितलं. गंमत करतोय का, हे त्याच्या तोंडावर शोधलं. "हासाला बाई न्यावी लागते?" त्याने विचारलं.

"मला लागते," हा म्हणाला, आणि त्याचा आवाज असा होता की आजाने शोधणं सोडलं. म्हणाला, "जा घेऊन. जेवनाच्या आदी आन म्हंजे झालं." आईच्या हसण्याला आजाची परवानगी मिळाली ती अशी, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, आणि तीही एका भाडेकरूने मागून घेतली. आई नंतर चुलीपाशी एकटीच पदर तोंडात घालून हसत होती.

शनिवारी आम्ही तिघं रिक्षाने शेडवर गेलो. आईने ठेवणीतली साडी नेसली होती आणि केसांत अबोली माळली होती. दिग्दर्शकाने तिला पाहून मला बाजूला घेतलं.

"ह्या हसणार? आवाज आला तर सगळं वाया जाईल हो."

"येणार नाही," मी म्हटलं. "आमच्या आजोबांनी एवढ्या वर्षांत कधी ऐकला नाही, तुमच्या मशीनला काय ऐकू येणार!"

कॅमेऱ्याच्या शेजारी लाकडी खोक्यावर तिला बसवलं. दिवे लागले. आईने दिव्यांकडे बघून डोळे किलकिले केले, आणि सवयीने भिंतीकडे तोंड फिरवायला लागली. "काकी, इकडे," हा हळूच म्हणाला. "आज माझ्याकडे बघून." आईने मान वळवली. मला आठवतं तसं, परक्या माणसांसमोर तोंड वळवून न घेता ती पहिल्यांदाच बसली होती.

"निघालंय साहेब," त्याने म्हटलं.

आईचे खांदे हलले. पदराचं टोक तोंडाशी गेलं. तो तिच्याकडे बघत होता. थांबला तो तिच्या पहिल्या झटक्यापुरता, आणि तो ओसरतोय असं दिसताच म्हणाला, "वाटेत आहे." आईने बोळा कोंबला. डोळे मिटले. खांदे गदागदा. तो थांबला, पण आता त्याच्या थांबण्यात धास्ती नव्हती. तो मंडपातला माणूस झाला होता. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं, ती पुढे वाकली, पुन्हा सरळ झाली, आणि नेमकं तेव्हा, "ट्रॅफिक आहे."

सेक्रेटरीच्या नटाला आपलं वाक्य कधी म्हणायचं ते आपोआप कळलं. शेडमध्ये कसलाच आवाज नव्हता. दिग्दर्शकाने कट म्हटल्यावर पहिल्यांदा आवाजवाला हसला, मग दिवेवाले, मग सगळेच. आईने पदर काढून भरभरून श्वास घेतला.

दिग्दर्शक याच्यापाशी आला. "आता थांबा तुम्हाला हवं तेवढं," तो म्हणाला. मग आईकडे वळला. "मावशी, तुम्ही दर शनिवारी याल का?"

"दर शनवारी? मंग आमच्या घरान जेवन कोन करल?" आईने विचारलं.

"मी करीन," मी ओरडलेच.

"मग दादा, तुम्ही कायम," दिग्दर्शक म्हणाला.

पुढे काय झालं ते बऱ्याच जणांना माहीत आहे. मालिका चांगली चालली. पंपवाला लोकांच्या तोंडी बसला, पाणी नाही आलं की वाशीपासून ऐरोलीपर्यंत लोक एकमेकांना "ट्रॅफिक आहे" म्हणायला लागले. आई शेवटच्या भागापर्यंत दर शनिवारी जात राहिली, नाव कुठेच आलं नाही आणि तिलाही ते नको होतं. मालिका संपल्यावर तो आवाजांच्या कामात शिरला. बाहेरची कार्टून आपल्या भाषेत यायला लागली होती, त्यांतली अस्वलं, चेटकिणी, चिडके म्हातारे याच्याच गळ्यातून बोलायचे. सर्दीच्या मलमाच्या जाहिरातीत शिंकणारा तो हाच. मी त्याला विचारलं होतं, आवाज भरायच्या त्या काचेच्या खोलीत तर एकटंच बोलायचं, तिथे कसं जमतं? तो म्हणाला, "तिथे सुख आहे ताई. थांबायचं कुठे ते अस्वल ठरवतं. त्याचं तोंड मिटलं की माझंही. मला चिंताच नाही." त्याने आमची खोली सोडली तेव्हा चाळीला वाटलं, सुटलो एकदाचे, आता न्हाणीघर रिकामं मिळेल. आठवडाभरात सगळ्यांना करमेना. बाबा तर न्हाणीघराच्या दाराशी जाऊन उगाच एक हाक मारून यायचे.

पण मला त्या सगळ्यापेक्षा त्या शनिवारची दुपार जास्त आठवते. शेडमधून निघालो तसा तो म्हणाला, मी मार्केटला जातो, आबा वाट बघत असतील. आई म्हणाली, आमी पन येतंव. आजाच्या जेवणाची वेळ टळून चालली होती, पण तिने ते तोंडातून काढलं नाही. तशीच रिक्षा मार्केटकडे वळवली.  मी मनात त्या म्हाताऱ्याला काय काय ऐकवायचं ते जुळवत होते. बघा म्हणावं, तुम्ही वाया गेलेला म्हणत होतात ना!

कांद्याच्या गाळ्यांपुढे ट्रक लागले होते. कांद्याची सालं पायाखाली सरकत होती. आबा दिसले ते पाठीवर गोणी घेऊन फळीवरून ट्रकात चढताना. डोक्यावरून पाठीपर्यंत गोणपाटाची खोळ, मान एका बाजूला वाकलेली, एक एक पाऊल जोखून टाकत होते. हा पळत गेला आणि फळीच्या बाजूने त्यांच्या पायांशी चालायला लागला.

"आबा, झालं. घेतलं त्यांनी."

आबा थांबले नाहीत. गोणीखालूनच आवाज आला, "कायम?"

"कायम."

आबा वर गेले. गोणी थप्पीवर ठेवली, तिचा कान ओढून नीट बसवली आणि फळी धरून धरून खाली उतरले. टोळीचा मुकादम तिथेच तंबाखू मळत उभा होता. आबा त्याला म्हणाले, "पुतन्याचं नाव घाला."

मुकादमाने तंबाखूचा हात झाडला. "सुटलो बाबा," तो आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ह्याच्या मणक्याचं डाक्टरनं कवाच सांगितलंय, घरी बस म्हणून. ऐकंल तर शपथ! पुतन्या दारात हुबा हाय म्हटलं, तर म्हणं, न्हाय, पोराचं तिकडं काय त्ये ठरूंदे. न्हायच जमलं तर त्याला यायला जागा पायजे. तवर मी धरून ठेवतो."

म्हाताऱ्याला ऐकवायला जुळवलेलं सगळं बोलणं मी तिथेच टाकून दिलं.   आईने पदर डोळ्यांना लावला.

आबांनी डोक्यावरची खोळ काढली, झटकली आणि चौकोनी घडी करून पोराच्या हातात दिली. त्यांची वाकडी मान तशीच होती, पण तोंडावर असं काही उजळलं होतं की मी त्या दिवसापर्यंत त्यांना नीट पाहिलंच नव्हतं असं वाटलं.

"मग आता बसू मी?" त्यांनी पोराला विचारलं.

त्याने मान हलवली. आबा कांद्याच्या गोणीला हात लावून सावकाश खाली बसले.